लक्ष्मण भोयाचा पिंजरा

माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही... नव्हता, म्हणा. भुताचा किस्सा सांगणाऱ्याची मी भर पंगतीत टर उडवायचो. म्हणूनच हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चाकणजवळ भामा नदीकाठी झिंगे धरणाऱ्या भोयांचा सरकारी सर्व्हे होता आणि फॉर्म भरायला मी. पिंजरे किती, पाण्यात तास किती, झिंगे कुठल्या डोहात मिळतात — सगळं विचारून लिहायचं. नदीचा ठेकेदार शेजारी उभा राहून प्रत्येकाचं उत्तर स्वतःच देत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण तो सांगेल ते लिहीत गेलो.

मग सखूबाई आली. तिचा नवरा लक्ष्मण आठच दिवसांपूर्वी नदीत मेला होता. ठेकेदाराने मासे मारायला सुरुंग लावला तेव्हा लक्ष्मण पाण्यात होता, असं वस्तीत कुजबुजत होते. ठेकेदार म्हणायचा, पाय घसरला.

"सायेब, आमच्या मालकाचा बी येक पिंजरा लिव्हा," ती म्हणाली. "अजून पान्यात हाय. गेलेल्या मानसाचा पिंजरा तेरा दिस काढत न्हाई आमी. त्यात जे घावंल ते त्याचं."

"हॅट्! आत्ता काढून दाखवतो," म्हणत ठेकेदार धोतर खोचून उतरला. भर दुपार, गुडघाभर पाणी. त्याने बांबूच्या पिंजऱ्यात हात घातला... आणि हात अडकला.

आधी शिव्या, मग बोंब. चौघांनी ओढलं. जुना, कुजका पिंजरा — पण जागचा हलेना, आणि ठेकेदार वाकत वाकत खाली चाललेला. पाणी हनुवटीला लागलं तसा तो ओरडला, "सोड रे लक्ष्मण! सुरुंग मीच लावला! तू दिसत होतास, तरी लावला!"

सखूबाई जागची हलली नाही. मला म्हणाली, "लिव्हा."

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. काठावरच्या दोघांचे अंगठे घेतले.

"झालं?"

"झालं."

मग ती पाण्याकडे वळली. "सोडा आता त्याला."

हात लगेच सुटला. पिंजरा वर आला तेव्हा आत काहीच नव्हतं, नुसतं पाणी गळत होतं.

त्याला कुणी धरलं होतं, ते तुम्हीच ठरवा. एक मात्र कबूल करतो. त्या दोन ओळी मी सावकाश लिहिल्या, अक्षर न् अक्षर घोटून. त्याच्या नाकातोंडात पाणी जात होतं आणि मी वेलांट्या काढत होतो — मुद्दाम.