रिकाम्या ड्राइव्हवर सुरू झालेलं मशीन

गेल्या आठवड्यात भाच्याने पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून दाखवला. "मावशी, हार्ड डिस्क काढली तरी चालतो!" मी म्हटलं, बाळा, आमचं पाथर्डीचं मशीन तर एकदा काहीच न घालता चालू झालं होतं... तो हसला. हसू दे. मी स्वतः अंगारे-धुपाऱ्यांना हसणारी बाई. देव, भूत, दृष्ट — सगळ्यांपासून सारखीच लांब. पण हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

९४-९५ साल असेल. पाथर्डीत एसटी स्टँडजवळ, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. चपला बाहेर, पाय धुऊन आत! दोन मशिनं, एकातही हार्ड डिस्क नाही. सव्वापाच इंची मऊ फ्लॉपी घालायची, खिट्टी फिरवायची, घर्रघर्र व्हायचं आणि काळ्या पडद्यावर हिरवं A> उमटायचं. डॉस त्या फ्लॉपीतच. ती नसेल तर मशीन म्हणजे नुसता डबा. काय आनंद व्हायचा हो तेवढ्याने!

आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यांच्याबरोबर मीही. त्या वर्षी वडिलांनी अट घातली — क्लासची परीक्षा पास झालीस तर इथेच आत्याकडे राहून शिक, नाहीतर ट्रकमध्ये बस. परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि ट्रकही त्याच संध्याकाळी निघणार.

दसऱ्याला सरांनी क्लासमध्ये पूजा मांडली, सगळ्या फ्लॉप्या पाटावर. नारळ आणायला खाली उतरताना ते माझ्याबरोबर पूजेला आलेल्या आईला म्हणाले, "ताई, तोवर हळद-कुंकू लावून घ्या." आई दरवर्षी कोयत्याची पूजा करायची, तशीच मनापासून बसली. त्या फ्लॉपीला एक लांबट खिडकी असायची, आतली चकती उघडी दिसायची. आईला वाटलं, टिळ्यासाठीच ठेवलेली जागा आहे. बोट बुडवून बुडवून तिने एकूण एक फ्लॉपीला नेमकं तिथेच ओलं कुंकू लावलं, वर झेंडू वाहिला. मी उदबत्तीच्या नादात... माझंही लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नगरहून परीक्षक आले आणि एकही फ्लॉपी चालेना. सरांनी कापसाने पुसून पाहिलं, कुंकू आणखीच पसरलं. परीक्षकांकडे उत्तरं साठवायला कोरी फ्लॉपी होती, पण तिच्यात डॉस नव्हतं. "पुढची परीक्षा सहा महिन्यांनी," ते घड्याळ बघत म्हणाले.

आई दारात उभी होती. "सर, म्या लावल्यालं कुंकू बाधलं व्हय?"

सरांनी लाल झालेला कापूस मुठीत लपवला. आईला काय ते कळलं. ती आत आली, अडकून पडलेल्या मशीनच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "माय, चूक माजी हाय. लेकराला शिक्षा देऊ नगं. तिला ऱ्हाऊ दे हितं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारचौघांत डब्याशी बोलतेय! आणि पडद्यावर A> आलं.

घर्र नाही, काही नाही. सरांनी पाहिलं तर खिट्टी उघडी. आत बोट घातलं — ड्राइव्ह रिकामा. परीक्षकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बंद करू नका. बसा." त्यांची कोरी फ्लॉपी घालून मी DIR, MD, COPY CON या सगळ्या आज्ञा दिल्या, सगळ्या चालल्या. आम्हा पाच विद्यार्थ्यांची परीक्षा त्याच मशीनवर झाली. मग सरांनी ते बंद केलं, ते नवीन फ्लॉपी येईपर्यंत परत लागलं नाही. झाकण उघडूनही पाहिलं. आत वेगळं काहीच नव्हतं.

पुढे मी याच क्षेत्रात पंचवीस वर्षं नोकरी केली. काही मशिनांच्या चिपमध्येच बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा असायची हे मलाही माहीत आहे, पण ते असं A> दाखवत नाही. तुम्हाला काही सुचलं तर सांगा, मी विचार करून थकले.

पास झाल्याचं सांगायला धावत गेले तेव्हा ट्रकचं इंजिन सुरू होतं. आईने वरून वाकून माझा हात धरला. "पोटभर खात जा," एवढंच म्हणाली. जन्मल्यापासून एकही हंगाम मी तिच्याशिवाय काढला नव्हता. धूळ खाली बसेपर्यंत मी रस्त्यातच उभी होते, आणि खरं सांगते — वाटलं, ते मशीन चालू झालंच नसतं तर बरं झालं असतं.