खिडकीमागची बाई

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून ती कवळ्या बनवायची. मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवायचा, साचा चिमटीत धरून उजेडाकडे न्यायचा, मान वाकडी करून बघायचं. तिच्या हातची कवळी टोचत नाही असा बोलबाला होता, म्हणून गल्लीत तिला सगळे दातवाली मावशी म्हणत. स्वतःच्या अक्कलदाढेने मात्र तिला वर्षानुवर्षं छळलं, आणि ती काढून घ्यायला मावशी भिते, हे फक्त नवऱ्याला ठाऊक होतं.

नवरा बस चालवायचा. माणूस सरळ, पण कुणासाठी थांबणं त्याच्या रक्तातच नव्हतं. पळत येणारा प्रवासी आरशात दिसला तरी गाडी वेळेवर सुटायची. घरीही तेच. थांबायची ती मावशीच. त्याच्या पाळ्या संपेपर्यंत ताट झाकून बसण्यात तिची उमर गेली.

लग्न ठरल्यावर दोघांनी मिळून पाहिलेला पहिला सिनेमा त्यांच्या संसारात कायमचा मुक्कामाला आला होता. जुना, काळापांढरा, प्रेमाचा. शेवटी नायक रात्रभर रस्त्यावर उभा राहतो, नायिकेच्या खिडकीकडे बघत. खिडकी उघडत नाही. उजाडतं, तो निघून जातो, सिनेमा संपतो.

"ती काचेमागे उभी होती," मावशी म्हणायची. "रडत होती बिचारी."

"झोपली होती," ड्रायव्हरसाहेब म्हणायचे. "उघडायची असती तर उघडली असती."

यावरून त्यांनी आयुष्यभर वाद घातला. जेवताना घातला, लेकीच्या बारशात घातला, एकदा तर तो तापाने फणफणला असताना घातला. शेवटी लेकच कंटाळली. वडील निवृत्त झाल्यावर तिने दोघांच्या हातात तिकिटं ठेवली. सिनेमा ज्या गावात काढला होता तिथली. "जा आणि एकदाचा काय तो निकाल लावून या," म्हणाली.

गावात पोचल्यावर आधी त्यांनी पूल पाहिला. सिनेमात नायक-नायिका त्यावरून चालत राहतात, चालत राहतात, गाणं संपतं तरी पूल संपत नाही. प्रत्यक्षात होता एवढासा. "एवढ्यावर माझी बस आडवी लावली तर पूल झाकून जाईल," नवरा म्हणाला. सिनेमातले दोघं जिथे पहिल्यांदा कॉफी पितात तिथे आता मोबाइलचं दुकान होतं. दुकानातल्या बाईंना सिनेमा माहीत नव्हता, पण त्यांनी पंख्याखाली बसवून पाणी दिलं. मावशीचा चेहरा उतरला होता. नवऱ्याने ते पाहिलं आणि बसचं पुढचं वाक्य गिळलं.

नायिकेचं घर मात्र होतं तसंच होतं. खाली चष्म्याचं दुकान, वर ती खिडकी. वर एक निवृत्त शिक्षिका राहत होत्या. बघायला येणाऱ्यांची त्यांना सवय होती. जिन्यात येऊन म्हणाल्या, "यायचंय ना? चपला खालीच काढा."

नवऱ्याने गुडघा चोळला. "तू ये जाऊन. मी आहे इथे."

खोली साधी होती. कॉट, इस्त्रीचं टेबल, वाळत घातलेला टॉवेल. मावशी खिडकीशी गेली आणि खाली पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे तिचा नवरा उभा होता.

काचेवर ऊन पडलं होतं, त्यामुळे त्याला आतलं काही दिसत नसणार. तो भलत्याच खिडकीकडे टक लावून होता. त्याने टोपी काढली, केस नीट केले, पुन्हा टोपी घातली. भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतला. सायकलवाल्याला वाट द्यायला बाजूला झाला आणि परत आपल्या जागी येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत मावशीने त्याला कुणाची वाट बघताना पाहिलंच नव्हतं. तो म्हातारा झाला होता. रोज समोर असणारा माणूस म्हातारा झालाय, हे तिला असं लांबून, वरून कळलं.

आधी तिला बरं वाटलं, अगदी आतून. बघू दे थोडा, असंही मनात आलं. मग त्याने गुडघ्यावर हात ठेवला, आणि ज्या बाईसाठी ती जन्मभर भांडली होती तिचा तिला राग आला. खालचा माणूस त्रासात आहे आणि आपण पडद्याआड उभं राहून ते बघायचं, यात रडण्यासारखं काय होतं? तिने कडी ओढली. कडी निघाली, खिडकी हलेना.

"ती उघडत नाही," शिक्षिकाबाई मागून म्हणाल्या. "रंगाने चिकटलीय. शूटिंगवाल्यांनाही उघडता आली नव्हती, वडील सांगायचे. म्हणून म्हणे त्यांनी शेवटच बदलला."

मावशी बाईंचे आभार मानायलाही विसरली. जिना उतरून, चपला पायात अर्ध्या घालून ती रस्ता ओलांडून गेली.

"काय दिसलं?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही. भलत्याच खिडकीकडे बघत होतात."

"मग हाक मारायचीस."

तिने त्याला चिकटलेल्या खिडकीचं सांगितलं. आता हा हसणार, निकाल लागला म्हणणार, अशी तिने मनाची तयारी केली होती. तो हसला नाही. वरच्या खिडक्यांकडे बघत म्हणाला, "म्हणजे जागी असेलही ती. मी उगाच झोपवलं तिला इतकी वर्षं." आणि मग, "पण खिडकी नसेल उघडत, तरी जिना होता की गं."

मावशीने वाकून चपला नीट पायात घातल्या.

स्टेशनपर्यंत दोघं चालत गेले. एरवी तो चार पावलं पुढे असायचा. त्या दिवशी तिच्या बरोबरीने चालत होता. गुडघ्यामुळे असेल, तिने विचारलं नाही. वाटेत एका बाकावर टेकले तेव्हा ती म्हणाली, "दाढ काढून घेईन म्हणते. तुम्ही याल ना बरोबर?"

"बाहेर बसेन," तो म्हणाला. "कितीही वेळ लागू दे."