हवा बदलते तसे मामा

माझ्या पळसदरीच्या मामांइतका बदलाचा कैवारी अख्ख्या कर्जत तालुक्यात सापडायचा नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या मामांचा एका गोष्टीवर पक्का विश्वास होता. आफ्रिकेत रानं विरळ झाली, गवताळ माळ पसरले, तळी कधी भरली, कधी आटली, आणि या उलथापालथीतच आपले पूर्वज शहाणे झाले. ज्यांना एकाच झाडाचं फळ लागत होतं ते संपले. मिळेल ते खाणारे, जमेल तसे राहणारे उरले. इथवर कोणाची तक्रार नव्हती. पण निवृत्त झाल्यावर मामांनी हा धडा घरातच गिरवायला घेतला. खाट आज ओटीवर, उद्या गोठ्यापाशी. भर वैशाखात पंखा बंद, थंडीत झोप गच्चीवर. मध्येच भात बंद आणि नाचणी, वरी, रानातले कंद सुरू. मी कुंभिवलीहून भेटायला गेलो की मामी दारातच सांगायची, "ये रं. पण मामा कुठं हायेत ते मला इचारू नको. सकाळी विहिरीकडं होते." तेवढ्यात मामा पेरूच्या झाडाखालून उठून येत आणि विजयी मुद्रेनं म्हणत, "सवय लागली की माणूस संपला, समजलं?"

गेल्या वर्षी मामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं. आम्ही हादरलो, पण मामांनी दवाखान्यातच डाव्या हाताला कामाला लावलं. चमचा, कंगवा, मग शर्टाची बटणं. पहिल्यांदा दाढी केली तेव्हा हनुवटी कापली, तर आरशात बघून हसले. काठी टेकत गावच्या धरणापर्यंत जाऊ लागले. शब्द तेवढे हट्टी निघाले.

परवा गेलो तेव्हा ते काही सांगू पाहत होते. "माणूस... माणूस..." पुढं गाडी सरकेना. मला राहवलं नाही. म्हटलं, "बदलला म्हणून तगला, असंच ना मामा?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी दुसरं वाक्य पुढं करणार, तोच मामीनं माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब रं. त्यांना येळ लागतो."

एके काळी मामांचं एक वाक्य पुरं होऊ न देणारी माझी मामी, पदर सावरून निवांत बसून राहिली. बऱ्याच वेळानं मामांनी डावा हात उचलून तिच्याकडं दाखवलं.

"एकटा... नाही तगला."

मामी चहा टाकते म्हणून आत गेली. त्या चहाला फार वेळ लागला, आणि आम्ही दोघांनीही तिला हाक मारली नाही.