त्राइलोकाकांचा सोळा कोअरचा प्रोसेसर

नेगोटिन या आमच्या छोट्या गावात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. काय घ्यावं हे लोकांना कळत नाही आणि मला गप्प बसवत नाही, त्यावर ते चालतं. त्राइलोकाकांच्या गळ्यात तो प्रोसेसर मीच मारला, हे आधीच सांगून टाकतो.

काका तीस वर्षं लग्नांचं शूटिंग करताहेत. आमच्याकडची लग्नं सगळी ऑगस्टात, कारण अर्धं गाव व्हिएन्नात राबतं आणि तेव्हाच सुट्टीवर येतं. फिल्म नऊ तासांची. कापाकापीची सोय नाही. नाचात कुणाची आत्या दिसली नाही तर ती मरेपर्यंत अबोला धरते. एडिटिंग काकांना जमत नाही. ते त्यांचा मुलगा सिनिशा करायचा. तोही व्हिएन्नातच असतो, या कामापुरता चार दिवस घरी यायचा. त्यातले दोन दिवस जुनं मशीन फिल्म तयार करत नुसतं घुरघुरायचं. मध्येच अडकायचं, म्हणून त्याला सोडून जाता यायचं नाही. मग सिनिशा अक्रोडाखाली झोपायचा, फाटकाची बिजागरी ठोकायचा, बापाबरोबर हिवाळ्याच्या बेगमीच्या ढोबळ्या मिरच्या भाजून सोलायचा. काकू गेल्यापासून त्या घरात वर्षातले तेवढेच चार दिवस दोन ताटं लागायची.

दोन वर्षांमागे वसंतात काका दुकानात आले.

"रादिशा, लेका, चांगलं मशीन हवंय. सिनिशा म्हणाला, या डबड्यावर काम करणं म्हणजे शिक्षा आहे. मशीन धड असतं तर इथेच राहून धंदा केला असता."

"असं म्हणाला?"

"म्हणजे, साधारण असंच."

तिथेच मी थांबायला हवं होतं. पण समोर गिऱ्हाईक आलं की माझी जीभ सुटते. मी आठ कोअरचा आणि सोळा कोअरचा, असे दोन प्रोसेसर पुढ्यात ठेवले.

"सोळा कोअर म्हणजे आत सोळा माणसं एकदम कामाला लागतात, काका."

"मला घरात एकच हवाय," काका म्हणाले. मग आठवाल्यावर बोट ठेवलं. "हा घेतला तर?"

"अख्खी दुपार जाईल. सोळावाला तासाभरात मोकळा करतो. ज्याला यातलं कळतं तो आठवाल्याकडे बघणारसुद्धा नाही."

"सिनिशाला कळतं," काका म्हणाले, आणि त्यांनी सोळावाला घेतला. जुनं डबडं माझ्याकडेच टाकून गेले.

ऑगस्टात मशीन दाखवायला मीच त्यांच्या घरी गेलो होतो. सिनिशा खूश. सकाळपासून बसला तो दुपारी जेवायच्या आत एडिटिंग उरकलं. मग फिल्म तयार करायला लावली, ती पन्नास मिनिटांत झाली. काका तेव्हा अंगणात मिरच्या भाजत होते.

"बाबा, यंदा लवकर सुटलो. संध्याकाळची बस मिळेल."

"मिरच्या सोलायच्यात अजून."

"रादिशा आहे ना मदतीला."

मी सोललेल्या मिरच्या कुणीच खाल्ल्या नाहीत. एवढी लाज मला दुकानात कुणाला फसवूनही वाटली नसती.

पुढच्या ऑगस्टात तो आलाच नाही. फोन आला, की मशीन आता दणकट आहे, मी इथूनच चालवतो, तुम्ही फक्त चालू करून ठेवा.

मशीनमधली धूळ काढायला म्हणून मी गेलो, तर काका पडद्यासमोर बसलेले. शेजारी दुसरी खुर्ची ओढून ठेवलेली. पडद्यावरचा बाण आपोआप इकडेतिकडे फिरत होता, नवरीचा मामा कापत होता, पुन्हा जोडत होता.

"हळू बोल," काका म्हणाले. "काम करतोय तो."

आम्ही बराच वेळ बघत बसलो. मग बाण एका कोपऱ्यात थांबला.

"जेवायला गेला असेल," काका म्हणाले, आणि उठून आपलंही ताट वाढून घेतलं. परत त्याच खुर्चीत येऊन जेवायला लागले.

मला राहवेना. म्हटलं, "काका, जुनं मशीन माझ्याकडे पडलंय अजून. परत लावून देऊ का? म्हणजे त्याला यावं लागेल."

काकांनी घास खाली ठेवला. बाण अजून कोपऱ्यातच होता.

"यायचा नाही रे. तिकडेच दुसरं काम बघेल. मग हा बाणसुद्धा यायचा नाही."