अर्धी टोचलेली भिंत

माझा नवरा भिंत अर्धी टाकून गेला.

आज ह्यांची पुण्यतिथी. मोबाईलवर बोललं की लिहिलं जातं, हे पूर्वानं, माझ्या नातीनं शिकवलंय. चुकलं तर हसा.

हे गवंडी. आम्ही धुळ्याकडून सिल्वासाला आलो तेव्हा इथल्या मसाट गावात नुसत्या कंपन्या उभ्या राहत होत्या. काम उदंड. चहा मात्र एवढा गोड की... असो, चहाचं राहू द्या.

ओल्या सिमेंटमध्ये अनवाणी उभं राहायची ह्यांची खोड. त्यात शुगर. सिमेंटनं पाय खाल्ला.

जखम भरेचना. डॉक्टर म्हणाले, अशीच राहिली तर पाय काढावा लागेल.

पाय गेला की परांची गेली. परांची गेली की चूल.

एक दिवस डॉक्टर जखमेतलं मेलेलं मांस कापायला लागले. मी त्यांचा हातच धरला. भरायचं सोडून आणखी कापता कशाला?

हे टेबलावरूनच म्हणाले, "जुने पोपडे काढून भिंत छिन्नीनं टोचल्याशिवाय मी कधी प्लास्टर मारलंय का गं? कापू दे त्यांना."

कापत गेले, तसं लाल मांस वर आलं. पाय वाचला. हे पुन्हा परांचीवर. बूट घालून, माझ्या धाकानं.

मग इथे किलवणीतल्या आमच्या घराच्या स्वयंपाकघराचं काम काढलं. भिंत अर्धी टोचली, आणि एका सकाळी छातीत कळ आली.

परवा पूर्वाला हे पायाचं सांगितलं. जखमा कशा भरतात, हेच ती लॅबमध्ये शिकते. एवढी खूश झाली पोरगी!

म्हणाली, आपल्या पेशींभोवती एक जाळं असतं. एन्झाइम जुनं जाळं कापतात, मग नवं विणलं जातं. बाळंतपणानंतर गर्भपिशवी पुन्हा लहान होते, तीही त्यांच्यामुळे. कॅन्सरसुद्धा त्यांच्याच कात्रीनं वाट काढतो म्हणे.

मी म्हटलं, म्हणजे गवंडीच की!

"हो आजी. पण शुगरच्या जखमेत ते थांबतच नाहीत. नवं विणलेलंही कापत बसतात. मग जखम उघडीच राहते."

मी स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे बघितलं. तीही उघडीच.

मुलं किती वर्षं मागे लागलीत, प्लास्टर करून घेऊ म्हणून. मी हात लावू दिला नाही. छिन्नीचे खड्डे ह्यांच्या हातचे ना.

उद्या गवंडी बोलावलाय.

खड्डे आत तुमचेच राहतील हो. त्यांनाच तर नवं प्लास्टर धरणार आहे.

नमस्कार करते. जिथे असाल तिथे बूट घाला.