तळवा उचलला आणि कमर सरळ झाली

कमरेची उजवी बाजू फार दुखायची, म्हणून मी धंतोलीतल्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी मला आरशासमोर अनवाणी उभं केलं.

"तुमचा उजवा पाय आत कलंडतो. अंगठा टेकलेलाच ठेवा आणि तळव्याची कमान उचला."

मी उचलली, आणि आत वळलेला गुडघा आपोआप समोर आला, कमरेची झुकलेली बाजू वर आली! मी आनंदाने ओरडलेच. पुन्हा सोडली, पुन्हा उचलली.

घरी येताच आईला चपला काढायला लावल्या.

"काहून वं, काय झालं तुले?"

"तू उभी तर राहा!"

तिचाही पाय तस्साच कलंडत होता. भिंतीला धरून आम्ही दोघी हसत हसत तळव्यांच्या कमानी उचलत राहिलो. रोज असं करता करता हळूहळू माझं दुखणं गेलं. आई तर आता शेजारणींनाही अनवाणी उभं करते.