पुसायच्या आधी

“पुसायच्या आधी वळख काढून घेऊ,” असं म्हणत उस्ताद लॅपटॉपच्या पाठीवर तळहात ठेवायचे. लेकराचा ताप बघावा तसा.

लातूरला क्लासेसच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान, शेजारच्या गाळ्यात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. विंडोज नव्यानं टाकायची तर आधीचं सगळं पुसावं लागतं. मग स्पीकर, कॅमेरा, प्रिंटर जागेवर असूनही मशीनला ओळखू येत नाहीत. ती ओळख करून देणारे ड्रायव्हर उस्ताद आधी पेनड्राइव्हवर उतरवून घेत. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणत, “च्या पिऊन या. बिनवळखीचं मशीन मी देत न्हाई.” यंत्राशी बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, उस्ताद प्रिंटरला ‘बेटा’ म्हणत.

एका दुपारी निलंग्याकडच्या एक बाई नवऱ्याचा लॅपटॉप घेऊन आल्या. नवरा शेतातल्या विहिरीत पडून वारला होता. आता लेकीला अभ्यासाला लॅपटॉप हवा होता, पण त्यातून आवाजच येत नव्हता. “समदं पुसून नवं करून द्या, दादा.”

वीज गेलेली, म्हणून मीही तिथंच बसलो होतो. उस्तादांनी ड्रायव्हरची यादी उघडली आणि थबकले.

“ताई, आवाज बिघडला न्हाई. ब्लूटूथ हेडफोनवर जायलाय. ‘शालूचा कान’ असं नाव हाय.”

बाईंनी पदर तोंडाला लावला. “शालू म्हंजे मीच. त्यांनीच चेष्टेनं ठिवलं व्हतं नाव. शेतातून माझा फोन त्याच्यावरच घ्यायचे. पण तो त्यांच्यासंगं विहिरीत गेला. त्यांना काढलं, हेडफोन घावलाच न्हाई.”

उस्तादांनी लॅपटॉपचा पडदा माझ्याकडं वळवला. नावापुढं ‘कनेक्टेड’.

“हे खोलीभर अंतराच्या पल्याड जुळत न्हाई,” ते हळूच म्हणाले. आम्ही तिघांनीही दाराकडं बघितलं. बाहेर नुसतं ऊन होतं.

मी उठू लागलो तसं उस्तादांनी खुणेनं बसवलं. टेबलावरचा माइक लॅपटॉपला जोडून बाईंपुढं सरकवला. “काही बोलायचं ऱ्हायलं आसंल तर बोला, ताई. तिकडं जाईल.”

बाईंनी माइक तोंडाजवळ ओढला. मग म्हणाल्या, “पोरगी बारावी पास झाली. विहिरीला कठडा बांधून घेतला. आता जीव लावून बसू नका.”

उस्तादांनी यादीतल्या त्या नावावर बोट ठेवलं.

“ही वळख ठिवू का?” उस्तादांनी विचारलं.

“बाकीच्या ठिवा. ही नगं. त्यांना कुठवर थांबवू?”

संध्याकाळी नवी विंडोज सुरू झाली. स्पीकरमधून आवाज घुमला, आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच बाई रडल्या. मग लॅपटॉप छातीशी धरून रिक्षात बसल्या.

पुढं उस्ताद नांदेडला लेकाकडं गेले आणि तिथंच वारले. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मला मात्र त्या संध्याकाळचे उस्ताद आठवतात. मी शटर ओढून त्यांच्या दारात गेलो, तर ते काम नसताना बसून होते. समोर गिऱ्हाइकाची खुर्ची.

“चला की घरी,” मी म्हटलं.

“तुम्ही व्हा म्होरं,” ते खुर्चीवरची नजर न काढता म्हणाले. “ते उठले की निघतो.”

खुर्चीत कुणी नव्हतं.